‘हे एकट्याच्या हातात आहे का?’ : मुलांना अमेरिकेचं सरकार आणि अध्यक्षीय निवडणूक शिकवताना

कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. इथल्या शाळेत पाचवीतलं मूलही ही तीन नावं घडाघडा सांगतं. त्याच मुलाला विचारा, “उमेदवार म्हणतो, मी निवडून आलो की कर कमी करीन. मग निवडून आल्यावर तो नेमकं काय करेल?” उत्तर येतं, “सही करेल.” कशावर सही? तो कागद आला कुठून? कोणी लिहिला? इथे मूल गप्प होतं, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा शेजारी बसलेले आईबाबाही.

मी न्यू जर्सीतल्या एका मिडल स्कूलमध्ये सोशल स्टडीज शिकवते आणि रविवारी मराठी शाळेत मोठ्या गटाला. दोन्हीकडे माझं मत एकच झालंय. सरकारच्या शाखा एका महिन्यात आणि निवडणूक दुसऱ्या महिन्यात, असं वेगवेगळं शिकवू नये. प्रचारातलं प्रत्येक वचन घ्यावं आणि त्याला एकच प्रश्न विचारावा: हे एकट्याच्या हातात आहे का? त्या एका प्रश्नातून तिन्ही शाखा आपोआप वर्गात येतात. पुढे जे लिहिलंय ते मराठी शाळेतल्या शिक्षकांसाठी आणि घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी. मुलं साधारण दहा ते चौदा वर्षांची धरली आहेत.

आधी मोठ्यांची उजळणी

आपण नागरिकशास्त्र शिकलो ते संसदीय पद्धतीचं. ते डोक्यात इतकं पक्कं बसलंय की अमेरिकेचं सांगतानाही तेच तोंडात येतं. म्हणून मुलांसमोर बसण्याआधी तीन फरक स्वतःला स्पष्ट करून घ्या.

पहिला. भारतात पंतप्रधान लोकसभेतल्या बहुमतातून येतो आणि बहुमत गेलं की सरकार जातं. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं, २६९ विरुद्ध २७०. आजीआजोबांना तो दिवस आठवत असेल, त्यांनाच सांगायला लावा. अमेरिकेत असं पडणं नाहीच. ओबामांच्या आठ वर्षांपैकी शेवटची सहा वर्षं प्रतिनिधिगृहात विरोधी पक्षाचं बहुमत होतं, तरी ते अध्यक्ष राहिले. काम अडतं, अध्यक्ष जात नाही.

दुसरा. भारतात मंत्री व्हायचं तर संसदेत असावं लागतं, नसेल तर सहा महिन्यांत यावं लागतं. इथे नेमकं उलट. काँग्रेसचा, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून होणाऱ्या इथल्या संसदेचा, सदस्य असताना मंत्री होता येत नाही. मार्को रुबिओ २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले ते सिनेटची जागा सोडून.

तिसरा फरक मुलांना सगळ्यात जास्त आवडतो. इथे आपल्याकडच्यासारखा व्हीप नाही. भारतात १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. इथे अध्यक्षाच्या स्वतःच्या पक्षाचे सदस्य त्याच्याविरुद्ध मत देतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला येतात. पुढच्या गोष्टीत हे दिसेलच.

तारापूरचं इंधन

शाखा शिकवायला मी त्रिकोणाची आकृती काढत नाही, मी तारापूरची गोष्ट सांगते. आजच्या पालघर जिल्ह्यातलं तारापूर. वर्गात एखाद्याचं तरी गाव बोईसर, डहाणू, वसई निघतंच आणि ते मूल ताठ बसतं.

तारापूरचं अणुवीज केंद्र अमेरिकेच्या मदतीनं उभं राहिलं आणि १९६९ मध्ये सुरू झालं. १९६३ च्या करारानुसार त्याचं इंधन अमेरिकेनं द्यायचं होतं. मे १९७४ मध्ये भारतानं पोखरणला अणुचाचणी केली. अमेरिकेच्या काँग्रेसनं १९७८ मध्ये कायदा केला की ज्या देशाच्या सगळ्या अणुकेंद्रांची तपासणी करता येत नाही, त्याला इंधन पाठवायचं नाही. मग १९८० आलं. इंधनाचा परवाना देणाऱ्या आयोगानं नकार दिला. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या कायद्यातल्याच तरतुदीचा आधार घेऊन आदेश काढला की इंधन जाऊ द्या. सोव्हिएत फौजा नुकत्याच अफगाणिस्तानात शिरल्या होत्या, अशा वेळी कार्टर यांना भारत दुरावायला नको होता. पण कायद्यात एक मेख होती. दोन्ही सभागृहांनी विरोधी ठराव केला तर अध्यक्षाचा आदेश रद्द.

इथे थांबायचं आणि वर्गाची मांडामांड करायची. एका टेबलावर एकच मूल, ते कार्टर. एका लांब टेबलावर प्रतिनिधिगृह, दुसऱ्यावर सिनेट. कोपऱ्यात तीन मुलं न्यायालय म्हणून. त्यांना सांगायचं, तुमच्याकडे कोणी दाद मागायला आल्याशिवाय तुम्ही बोलायचं नाही. (हे फार महत्त्वाचं आहे. अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय आपणहून सल्ला देत नाही, समोर खटला लागतो. कोपऱ्यात चुळबुळ करत बसल्यावर मुलांना ते कळतं तसं फळ्यावर लिहून कळत नाही.) प्रत्येक टेबलाला त्याच्या बाजूचे दोन-तीन मुद्दे चिठ्ठीवर द्या. एकीकडे दिलेला शब्द, तारापूरच्या विजेवर चालणाऱ्या मुंबईच्या आसपासच्या गिरण्या, शीतयुद्ध. दुसरीकडे बॉम्बची भीती आणि इतर देशांना जाणारा संदेश. मग वादविवाद, मग मतदान.

मुलांचा निकाल काहीही लागो. त्यानंतर खरं काय झालं ते सांगा. दोन्ही सभागृहांत कार्टर यांच्याच पक्षाचं बहुमत होतं, तरी प्रतिनिधिगृहानं मोठ्या फरकानं त्यांच्याविरुद्ध कौल दिला. सिनेटमध्ये ठराव ४८ विरुद्ध ४६ असा पडला. दोन्ही सभागृहं एकत्र आली नाहीत म्हणून आदेश टिकला आणि इंधन तारापूरला गेलं. हे सगळं सप्टेंबर १९८० मधलं, म्हणजे कार्टर विरुद्ध रेगन निवडणुकीला जेमतेम सहा आठवडे उरले होते. आता मुलांना विचारा: अण्वस्त्रांचा प्रसार थांबवीन असं १९७६ च्या प्रचारात सांगणाऱ्या अध्यक्षानं असा आदेश का काढला असेल? त्यानं वचन मोडलं की बदललेल्या परिस्थितीत निवड केली? यावर उत्तर देऊ नका. बोलू द्या.

कोपऱ्यातल्या तीन न्यायमूर्तींचा नंबर आता येतो. केनियात जन्मलेले, भारतीय वंशाचे जगदीश राय चढ्ढा शिकायला अमेरिकेत आले होते. व्हिसा संपल्यावर त्यांना परत पाठवायचं नाही असं सरकारच्या अधिकाऱ्यानं ठरवलं. त्या वेळच्या कायद्यात एका सभागृहालाही असा निर्णय फिरवता येत होता. प्रतिनिधिगृहानं १९७५ मध्ये तो फिरवला. चढ्ढा कोर्टात गेले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की काँग्रेसला असं अध्यक्षाला वगळून करता येणार नाही. कायद्याचं बळ हवं असेल तर दोन्ही सभागृहांत मंजुरी आणि मग कागद अध्यक्षाच्या टेबलावर, सहीसाठी किंवा नकाराधिकारासाठी. ज्या हत्यारानं काँग्रेस तारापूरचं इंधन अडवू पाहत होती, तशा प्रकारचं हत्यारच निकालात निघालं. एका विद्यार्थ्याच्या व्हिसाच्या प्रकरणातून.

आमच्या मुलांच्या घरी व्हिसा हा रोजचा विषय असतो. त्यामुळे ही गोष्ट ऐकताना वर्गात जी शांतता पसरते ती मला मोलाची वाटते.

राजम्याचे दाणे

इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे राज्याराज्यांच्या ठरावीक मतांवर अध्यक्ष निवडायची पद्धत, तोंडी समजावत बसू नका. वाट्या आणि राजमा आणा.

आधी छोटा खेळ. सत्तावीस मुलं असतील तर नऊ-नऊचे तीन गट. कमी असतील तर मुलांऐवजी चिठ्ठ्या वापरा. निवडणूक मधल्या सुट्टीच्या खाऊची: श्रीखंड विरुद्ध गुलाबजाम. प्रत्येक गट म्हणजे एक राज्य, प्रत्येकापुढे एका वाटीत सारखेच दाणे. तुम्ही आधीच मतं अशी बेता की पहिल्या दोन गटांत श्रीखंड ५ विरुद्ध ४ जिंकेल आणि तिसऱ्यात गुलाबजामला सगळीच्या सगळी नऊ मतं पडतील. ज्या पदार्थानं राज्य जिंकलं त्याला अख्खी वाटी. श्रीखंडाला दोन वाट्या, गुलाबजामला एक. श्रीखंड जिंकलं. आता एकूण मतं मोजायला सांगा: श्रीखंड १०, गुलाबजाम १७.

आरडाओरडा होतो. होऊ द्या. तो थांबला की २००० आणि २०१६ ची नावं घ्या. २००० मध्ये अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून अधिक मतं जास्त पडली, पण फ्लोरिडा बुश यांनी ५३७ मतांनी घेतलं आणि २७१ विरुद्ध २६६ नं ते अध्यक्ष झाले. फेरमोजणीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, म्हणजे इथेही कोपऱ्यातलं टेबल आलंच. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना अठ्ठावीस लाखांहून जास्त मतं अधिक होती, इलेक्टोरल मतं मात्र ट्रम्प यांना ३०४ आणि त्यांना २२७.

मग खरा नकाशा. प्रत्येक राज्याची इलेक्टोरल मतं म्हणजे त्याच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा अधिक सिनेटच्या दोन. कॅलिफोर्निया ५४, टेक्सास ४०, आपलं न्यू जर्सी १४, वायोमिंग ३. राजधानी वॉशिंग्टनला ३. एकूण ५३८, जिंकायला २७०. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं अख्खी वाटी एकालाच देत नाहीत, काही दाणे मतदारसंघाप्रमाणे वाटतात. जोडीनं बसलेल्या मुलांना सांगा, कमीत कमी किती राज्यांत २७० होतात ते शोधा. बेरीज करता करता त्यांनाच उमगतं की मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन मिळून ४४ दाणे आहेत आणि उमेदवार सारखे तिथेच का दिसतात.

प्रायमरींवर मी फार वेळ घालवत नाही. पक्षातला उमेदवार आधी ठरतो, आयोवा आणि न्यू हॅम्पशायर यांचा मान लवकरचा, न्यू जर्सीचा जूनमध्ये, तोवर बहुधा निकाल लागलेला असतो. एवढं पुरे.

वचनांची विभागणी

हा सगळ्याचा गाभा. याला दोन तास ठेवा, कमी नको.

उमेदवारांच्या वचनांच्या चिठ्ठ्या करा, दोन्ही पक्षांच्या आणि जुन्यासुद्धा. तीन रंगांचे कागद घ्या. पिवळा म्हणजे अध्यक्ष एकटा करू शकतो. हिरवा म्हणजे काँग्रेस हवी. निळा म्हणजे कोणीतरी कोर्टात जाणार. मुलांनी चिठ्ठी वाचायची, रंग लावायचा आणि कारण सांगायचं. एका चिठ्ठीला दोन किंवा तिन्ही रंग लागले तरी चालतील. बहुतेक वेळा लागतातच.

सुरुवात सोप्या पिवळ्यानं. व्हिएतनाम युद्धाच्या सक्तीच्या भरतीतून पळालेल्यांना माफी देईन, असं कार्टर प्रचारात म्हणाले होते. शपथ घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी, २१ जानेवारी १९७७ ला, त्यांनी माफी दिली. माफीचा अधिकार घटनेनं अध्यक्षालाच दिलाय.

मग ग्वांतानामो, क्युबातला अमेरिकेचा लष्करी तुरुंग. ओबामांनी २२ जानेवारी २००९ ला वर्षभरात तो तुरुंग बंद करण्याचा आदेश काढला. मुलं पिवळा लावतात. मग सांगायचं की कैदी हलवायला पैसा लागतो, पैशाची किल्ली काँग्रेसकडे आणि काँग्रेसनं तो दिला नाही. तुरुंग बंद झाला नाही. मुलं स्वतःच हिरवा चिकटवतात.

मग मेक्सिकोच्या सीमेवरची भिंत. २०१६ च्या प्रचारातलं ट्रम्प यांचं सगळ्यात गाजलेलं वचन. त्यांनी काँग्रेसकडे ५७० कोटी डॉलर मागितले. वाद इतका ताणला की २०१८ च्या डिसेंबरपासून ३५ दिवस सरकारचा बराच कारभार बंद राहिला. शेवटी मिळाले १३७.५ कोटी. मग त्यांनी आणीबाणी जाहीर करून दुसरीकडचा पैसा वळवला. दोन्ही सभागृहांनी आणीबाणी संपवण्याचा ठराव केला, ट्रम्प यांनी तो नाकारला आणि नकार मोडायला लागणारी दोन तृतीयांश मतं जमली नाहीत. इथे मुलांना चढ्ढांकडे परत न्या. १९८३ च्या त्या निकालाआधी आणीबाणीच्या कायद्यात काँग्रेस अध्यक्षाच्या सहीशिवाय आणीबाणी संपवू शकत होती. निकालामुळे १९८५ मध्ये तो कायदा बदलावा लागला. म्हणून २०१९ मध्ये नकाराधिकार वापरता आला. ज्या मुलाला हा धागा दिसला त्याला तिन्ही शाखा कळल्या असं मी धरते.

मग निळ्याची बारी. बायडन यांनी २०२० मध्ये विद्यार्थ्यांचं कर्ज माफ करू असं सांगितलं होतं. २०२२ मध्ये त्यांनी काँग्रेसकडून नवा कायदा न करून घेता, जुन्या कायद्याच्या आधारे योजना जाहीर केली. ३० जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती ६ विरुद्ध ३ नं रद्द केली.

आता आपल्या घरातल्या चिठ्ठ्या. ग्रीन कार्डाची रांग कमी करू, असं कोणी म्हणालं तर कुठला रंग? एका देशाला वर्षाच्या कोट्यातली सात टक्क्यांची मर्यादा कायद्यातच आहे, म्हणून हिरवा. जुलै २०१९ मध्ये ती काढण्याचं विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ नं मंजूर झालं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनंही मंजूर केलं, पण वेगळ्या मसुद्यात. दोन्ही मसुदे जुळले नाहीत आणि मुदत संपली. दोन्ही सभागृहांना पसंत असूनही कायदा झाला नाही! आणि एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असलेल्या आईला नोकरीची परवानगी? ती २०१५ मध्ये प्रशासनाच्या नियमानं मिळाली, काँग्रेसच्या मतदानानं नाही. म्हणून पिवळा. त्या नियमाविरुद्ध खटला झाला, म्हणून निळाही. आणि नियम असल्यानं पुढचा अध्यक्ष तो बदलायला घेऊ शकतो, कायद्यापेक्षा त्याची मुळं उथळ. ज्या मुलांनी आईला नोकरीच्या परवानगीच्या कार्डाची वाट बघताना पाहिलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

जाहिराती आणि पत्रकं

न्यू जर्सीत अध्यक्षपदाची प्रचारपत्रकं फारशी येत नाहीत, कारण इथली वाटी कोणाला जाणार हे आधीच ठरल्यासारखं असतं. डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात पेट्या भरून वाहतात. बक्स काउंटीत कोणी ओळखीचं असेल तर त्यांना ऑगस्टपासूनच सांगून ठेवा, कचऱ्यात टाकू नका, बुटांच्या खोक्यात जमवा. नोव्हेंबरच्या आधी ते खोकं वर्गात उपडं करा. प्रत्येक पत्रकावर मुलांनी तीन गोष्टी शोधायच्या: पैसे कोणी दिले (बारीक अक्षरात तळाशी असतं), वचन आहे की भीती, आणि वचन असेल तर रंग कोणता. पुष्कळ पत्रकांत वचनच नसतं. मुलांना ते स्वतः मोजून कळलं पाहिजे.

दूरदर्शनच्या जाहिरातींसाठी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेजनं १९५२ पासूनच्या प्रचारजाहिराती इंटरनेटवर मोफत ठेवल्यात. १९६४ ची जॉन्सन यांची फुलाच्या पाकळ्या मोजणाऱ्या मुलीची जाहिरात मोठ्या मुलांना दाखवा, दहाच्या आतल्यांना नको, शेवटी अणुस्फोट आहे. ती पैसे देऊन एकदाच दाखवली गेली, बाकी सगळी प्रसिद्धी बातम्यांनी केली. ते ऐकून मुलं आपणहून आजच्या फॉरवर्डबद्दल बोलू लागतात.

घरी सराव हवा तर ‘आयसिव्हिक्स’वर शाखांचे आणि अध्यक्षीय प्रचाराचे मोफत खेळ आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी निवृत्तीनंतर ही संस्था काढली. खेळ चांगले आहेत, पण टेबलांची आणि चिठ्ठ्यांची जागा त्यांना देऊ नका.

वर्गातले नियम

तुमच्या घरी कोणाला मत देणार, हा प्रश्न वर्गात कोणीही कोणालाही विचारायचा नाही. राजकारण नको म्हणून नव्हे. आमच्या वर्गात निम्म्या घरांत आईबाबांना मतच नाही. मूल इथे जन्मलेलं, नागरिक. आईवडील अजून एच-१बी वर. त्या मुलाला सगळ्यांसमोर हे सांगावं लागू नये. त्याच मुलाला एकांतात एवढं जरूर सांगा की अठरा पूर्ण झाल्यावर घरातलं पहिलं मत तुझं असू शकेल.

नाटकातले उमेदवार काल्पनिकच ठेवा. खऱ्यांची नक्कल सुरू झाली की मुद्दा संपतो आणि चिडवाचिडवी उरते. उदाहरणं मात्र खरी हवीत, आणि एका पक्षाचं एक घेतलं की दुसऱ्याचंही एक घ्याच. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर आधीच कळवा की आपण कोण चांगलं हे शिकवत नाही, कोण काय करू शकतं हे शिकवतो. एकदा हे स्पष्ट झालं की तक्रारी येत नाहीत, उलट बाबा लोक मागच्या बाकावर येऊन बसतात.

अध्यक्षीय निवडणूक नसलेल्या वर्षीही हा पाठ घेता येतो. प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागा दर दोन वर्षांनी लढवल्या जातात, सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून असेच प्रतिनिधिगृहावर निवडून आले, हे सांगितलं की मुलं त्यांचा मतदारसंघ नकाशावर शोधतात. तिथून स्वतःच्या मतदारसंघाकडे वळवा: आपला प्रतिनिधी कोण, दोन सिनेटर कोण, एखाद्या विधेयकावर त्यांनी काय मत दिलं. काँग्रेसच्या संकेतस्थळावर विधेयकाचा क्रमांक टाकला की सगळा प्रवास दिसतो. शेवटच्या तासाला प्रत्येक मुलानं एका हिरव्या चिठ्ठीवरचा विषय घेऊन आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहावं. पत्रात विधेयकाचा क्रमांक, घरचा पत्ता आणि एकच स्पष्ट प्रश्न. पत्ता लागतोच, कारण ही कार्यालयं आपल्या मतदारसंघातल्या पत्रांना उत्तर देतात. वय लिहिलं तरी चालतं, मताचा हक्क नसला तरी चालतं. उत्तर यायला कधी आठवडे लागतात, म्हणून पत्रं सत्राच्या अखेरीस नाही, सुट्टीच्या बऱ्याच आधी टाका.